क्षयरोगाची तपासणी एका दिवसाच्या शिबिरात उरकत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी २४ मार्चच्या जागतिक क्षयरोग दिनाच्या सुमारास मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावली-मंजुसर या औद्योगिक भागांतल्या कंपन्यांमध्ये क्षयरोग तपासणी शिबिरं होतात. कुणी एक्स-रेची गाडी बोलावतं, कुणी पोषण आहाराच्या पिशव्या वाटतं. हे होतंय याचं आम्हाला मनापासून समाधान आहे. पण बडोद्यातल्या कारखान्यांच्या दवाखान्यांत आणि सुरक्षा विभागांत काम करणारे आम्ही काहीजण एक गोष्ट स्पष्टपणे मांडू इच्छितो. शिबिराच्या रांगेत बहुतेक वेळा कायम कामगार आणि ऑफिसचा स्टाफ असतो. ज्याला धोका सर्वांत जास्त, तो ठेकेदाराचा माणूस त्या रांगेत नसतो. असलाच तर 'खोकला आहे का?' या प्रश्नाला तो 'नाही' म्हणतो, कारण 'आहे' म्हटलं तर उद्या गेट पास बंद होईल ही त्याला भीती असते. त्यामुळे टीबीच्या कामाची सुरुवात मशीनपासून न करता कागदापासून करावी लागते, आणि या पत्राचा मुख्य मुद्दा तोच आहे.

तो कागद म्हणजे व्यवस्थापनाच्या सहीचं, गेटवर आणि कँटीनमध्ये गुजराती, हिंदी, मराठी आणि जमल्यास उडियातही लावलेलं एक पानाचं पत्रक. त्यात चार गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या हव्यात. टीबी निघाला म्हणून कुणालाही, ठेकेदाराच्या माणसालासुद्धा, कामावरून काढलं जाणार नाही. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पगारी रजा मिळेल. परत आल्यावर तेच काम, किंवा डॉक्टरांनी सुचवलेलं हलकं काम, त्याच पगारावर मिळेल. आणि रिपोर्ट कंपनीच्या डॉक्टरांपलीकडे जाणार नाही. ठेकेदाराच्या करारातही हीच कलमं घालावी लागतात, नाहीतर पत्रक भिंतीवर राहतं आणि मुकादम त्या माणसाला रात्रीच्या गाडीने गावी पाठवून देतो. गावी गेलेल्याचे उपचार तुटतात, घरची मुलं आजारी पडतात, आणि औषधांना दाद न देणारा टीबी होण्याची शक्यता वाढते. इकडे त्याच्या खोलीतले बाकीचे सहा-सात जण तपासणीविना तसेच कामावर येत राहतात.

पैशाचा हिशेब घाबरण्यासारखा नाही. उपचार सहा महिन्यांचे असले तरी रजा सहा महिन्यांची लागत नाही. औषधांना दाद देणारा साधा टीबी असेल तर योग्य उपचार सुरू झाल्यावर संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने कमी होते. बहुतेक रुग्ण दोन ते चार आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने कामावर परतू शकतात. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव असेल तर आजारपणाच्या काळात सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. म्हणजे १४,००० रुपये पगार असलेल्याला महिन्याला ९,८०० मिळतात आणि ४,२०० कमी पडतात. हे ४,२०० कंपनीने घालायचे. शिबिराचा मंडप आणि बॅनर यांवर याहून जास्त खर्च होतो.

मात्र ईएसआयमध्ये एक खाच आहे आणि कंत्राटी माणूस नेमका तिथेच अडकतो. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. टीबीसाठी वाढीव मुदतीचा, ८० टक्के दराचा भत्ता आहे, पण त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवीन नोंदणी करतो, आणि माणूस त्याच मशीनवर तीन वर्षं उभा असूनही कागदावर तीन महिन्यांचा ठरतो. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करताना एचआरने वर्गणीचं चलन बघून थांबू नये, प्रत्येक माणसाचा विमा क्रमांक मागच्या ठेक्यातलाच आहे ना हेही पाहावं. महिन्याला अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते केलं नाही, तर आजारी पडलेल्या माणसाला आपल्या हक्काचा भत्ता नाकारला गेल्याचं थेट खिडकीवर कळतं.

आता तपासणीबद्दल. कंपन्यांमध्ये अजून चार प्रश्न विचारून तपासणी संपते: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण ते पुरेसे नाहीत. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात फुफ्फुसाच्या टीबीचे ४२.६ टक्के रुग्ण केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. एक्स-रे काढला नसता तर ते निसटले असते. त्याच सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठल्याच डॉक्टरकडे गेलेले नव्हते. म्हणून हाती पैसे मर्यादित असतील तर टोप्या, टी-शर्ट, रॅली सोडून ते एक्स-रेवर खर्च करावेत, असं आमचं ठाम मत आहे.

याच सर्वेक्षणात सर्व प्रकारच्या टीबीचं प्रमाण गुजरातमध्ये सर्वांत कमी, लाखामागे १३७ निघालं होतं, तर देशाचं ३१२. हा आकडा दाखवून 'आपल्याकडे टीबी फारसा नाही' असं सांगितलं जातं. पण तो साऱ्या राज्याचा सरासरी आकडा आहे. आपल्या कारखान्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, झाबुआ, अलिराजपूर, दाहोद इथून आलेली माणसं एका खोलीत आठ-आठ जण, पाळीपाळीने झोपतात. एकाच्या गादीवरून उठल्यावर दुसरा तिथेच आडवा होतो. राज्याची सरासरी त्या खोलीला लागू पडत नाही.

एक्स-रेसाठी आता हातात धरायचं छोटं यंत्र मिळतं आणि प्रतिमा वाचायला संगणकाची मदत असते. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या टीबी मोहिमेत ३४७ जिल्ह्यांत सरकारने अशीच यंत्रं वापरली. कंपनीने गाडी बोलावताना तिच्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे का हे आधी विचारावं. ज्या खोलीत एक्स-रे काढायचे तिथे दुसरं कुणी नसावं, चालवणाऱ्याने शिशाचा एप्रन घातलेला असावा, गरोदर महिलेचा एक्स-रे काढू नये. ताईत, मंगळसूत्र, खिशातला पेन, शर्टाची धातूची बटणं काढून ठेवायला सांगावं, नाहीतर त्यांची सावली नेमकी छातीवर पडते आणि प्रतिमा वाया जाते. श्वास आत भरून धरायला लावणं हेही विसरलं जातं. अर्धवट श्वासात काढलेल्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसाचा खालचा भाग झाकोळलेला दिसतो आणि चांगला माणूस संशयित ठरतो.

शिबिराची वेळही चुकते. सकाळी ११ ते १ ठेवलं की फक्त जनरल शिफ्ट मिळते. रात्रपाळीची माणसं खोलीवर झोपलेली असतात, दुसऱ्या पाळीची आलेली नसतात. पाळी बदलताना, म्हणजे सुटणाऱ्यांना थांबवून आणि येणाऱ्यांना थोडं आधी बोलावून तपासणी ठेवावी, आणि त्या अर्ध्या तासाची हजेरी भरावी. एका यंत्रावर नीट काम करायचं तर दिवसाला शंभर-सव्वाशे माणसं धरावीत. सहाशे माणसांचा कारखाना असेल तर हे पाच-सहा दिवसांचं काम आहे, आणि मस्टरवरच्या प्रत्येक नावापुढे खूण होईपर्यंत ते संपत नाही. आउटसोर्स केलेले सफाईवाले, हमाल, कँटीनची पोरं, सिक्युरिटी गार्ड आणि ट्रक खाली करणारे यांची नावं कंपनीच्या मस्टरवर नसतात. त्यांच्यासाठी गेटचं रजिस्टर घ्यावं लागतं.

एक्स-रेमध्ये काही दिसलं म्हणजे टीबी झाला असं नाही. जुना भरलेला व्रण, न्यूमोनिया, सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार), कॅन्सर, काहीही असू शकतं. एक्स-रे फक्त कुणाचा बेडका तपासायचा ते सांगतो. निदान ठरतं ते बेडक्याच्या नाट चाचणीवर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या सीबीनाट किंवा ट्रूनॅटवर. या चाचणीत जंतू आहे की नाही, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही, हे दोन्ही काही तासांत कळतं. ती सरकारी केंद्रांत मोफत होते. शिबिराचं सगळ्यांत मोठं गळतीचं ठिकाण हेच: एक्स-रेवर पंचवीस नावांवर खूण होते आणि बेडका फक्त आठ जणांचा पोहोचतो. बाकीच्यांना 'उद्या सरकारी दवाखान्यात जा' असं सांगितलेलं असतं. रोजंदारीवरचा माणूस एक खाडा करून रांगेत उभा राहणार नाही. म्हणून बेडका कंपनीतच गोळा करून कंपनीच्या माणसाने केंद्रावर पोहोचवायचा.

तो नीट कसा घ्यायचा हे सविस्तर सांगतो, कारण यातच सर्वाधिक चुका होतात. आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा चुळा भरायला लावाव्यात. तोंडात गुटखा, तंबाखू, मावा असेल तर तो थुंकून पुन्हा चुळा. मग दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, शेवटचा श्वास क्षणभर धरायचा आणि छातीच्या तळापासून जोरात खोकायचं. डबीत २ ते ५ मिली बेडका हवा. पातळ, पाण्यासारखं, बुडबुड्यांचं असेल तर ती लाळ आहे, आणि लाळेची चाचणी 'निगेटिव्ह' येऊन सगळ्यांना खोटा दिलासा देते. घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पांढरट दिसलं की नमुना चांगला. एक नमुना तिथल्या तिथे आणि दुसरा झोपेतून उठल्यावरचा. रात्रपाळीवाल्याचा 'सकाळचा' नमुना दुपारी तीनला उठल्यावर घेतला तरी चालतो, हे त्याला सांगायला हवं. नाहीतर तो पहाटे कामावरून सुटताना कसाबसा देतो. नमुना मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर द्यायचा, संडास-बाथरूममध्ये किंवा दवाखान्याच्या बंद खोलीत कधीही नाही. नाव आणि क्रमांक डबीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही, कारण प्रयोगशाळेत झाकणं निघाली की अदलाबदल होते. झाकण घट्ट बसवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बर्फाच्या पॅक असलेल्या खोक्यात त्याच दिवशी पोहोचवायचं.

एक सवय बदलली तर निदान कितीतरी लवकर होईल. कारखान्याच्या दवाखान्यात खोकल्याची तक्रार आली की कफ सिरप आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक दिली जाते. हे औषध टीबीच्या जंतूवरही अर्धवट काम करतं. माणसाला आठ दिवस बरं वाटतं, बेडक्यात जंतू सापडणं अवघड होतं, आणि टीबी आतल्या आत वाढतो. खोकल्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं. तेच नाव पंधरवड्यात दुसऱ्यांदा आलं की पुन्हा गोळ्या न देता बेडक्याची डबी द्यावी. यासाठी कसलाही निधी लागत नाही.

फाउंड्री, सँडब्लास्टिंग, काच, रिफ्रॅक्टरी विटा आणि दगड दळण्याच्या कामात सिलिकाची धूळ असते. ही धूळ जंतूंना गिळणाऱ्या फुफ्फुसातल्या पेशींनाच निकामी करते, म्हणून सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका कितीतरी पटीने वाढतो. आपल्या शेजारीच, गोध्रा आणि बालासिनोरकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत अलिराजपूर, झाबुआ आणि धारचे शेकडो आदिवासी मजूर सिलिकोसिसने गेले. २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. सिलिकोसिसच्या रुग्णांना वर्षानुवर्षं टीबीची औषधं दिली जाणं हे या आजारात नेहमी घडतं. संगणकाचं वाचनही सिलिकोसिसच्या सावल्यांना टीबी म्हणू शकतं. त्यामुळे धुळीच्या कामाच्या कंपनीत एक्स-रे व्यावसायिक आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांनी पाहावा, कामगाराने किती वर्षं कोणतं काम केलं हे फॉर्मवर लिहावं, आणि काम सोडून गेलेल्यांनाही बोलवावं, कारण धोका नोकरीबरोबर संपत नाही. धूळ कमी करण्यासाठी पाणी मारून काम करणं आणि उगमावरच ओढून घेणारा पंखा हे खरे उपाय आहेत. पाळी सुटताना अंगावरची धूळ कॉम्प्रेसरच्या नळीने उडवणं ताबडतोब बंद करावं. त्या दोन मिनिटांत पाळीभरातली सर्वांत बारीक धूळ तोंडासमोर उडते. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

रुग्ण निघाला की नि-क्षय या सरकारच्या क्षयरुग्ण नोंदणी पोर्टलवर त्याची नोंद करणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि कंपनीचे डॉक्टर त्यातून सुटत नाहीत. नोंद झाली की औषधं मोफत मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. अडचण येते ती खात्याची: ठेकेदाराने काढलेलं खातं, आधारशी न जोडलेलं, नाहीतर बंद पडलेलं. एचआरने पहिल्याच आठवड्यात हे तपासावं. रुग्ण गावी जाणारच असेल तर नि-क्षयवर त्याची बदली तिथल्या केंद्रात करून घ्यावी आणि वाटेत पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर द्याव्यात. अडलं तर १८००-११-६६६६ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. साखर आणि एचआयव्हीची चाचणी प्रत्येक रुग्णाची व्हायला हवी. मधुमेह टीबीचा धोका दोन-तीन पटीने वाढवतो आणि आपल्या शहरात मधुमेही काही थोडे नाहीत.

गोळ्या सुरू असताना लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितलं नाही तर रक्त जातंय समजून माणूस गोळ्या सोडतो. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, हातापायाला मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टर. इथॅम्ब्युटॉल या टीबीच्या औषधामुळे क्वचित लाल-हिरवा रंग ओळखण्यात गडबड होते. वायरमन, पॅनल ऑपरेटर, क्रेनवाला किंवा ड्रायव्हर असेल तर रंगाची चाचणी दर महिन्याला करावी आणि नजरेत फरक पडला तर त्याच दिवशी कळवायला सांगावं. दर महिन्याला वजन करावं. वजन न वाढणं ही धोक्याची खूण आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिल्यावर घरात नव्याने होणारा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. ज्या कंपन्यांत कायम कामगाराला सवलतीचं जेवण मिळतं आणि कंत्राटी माणूस बाहेर बिस्किट-चहावर दिवस काढतो, त्यांनी कँटीनचं दार सगळ्यांना उघडावं. टीबी रोखण्याचा हाही एक उपाय आहे.

रुग्णाच्या संपर्कातल्यांचं काय? रुग्णाच्या घरातल्या लोकांना प्रतिबंधक औषध द्यावं हे धोरण आहे. गेल्या तीन महिन्यांत रुग्णाबरोबर एकाच बंद जागेत राहिलेला, झोपलेला माणूस घरातलाच धरतात. म्हणजे भाड्याच्या खोलीतले सातही साथीदार त्यात येतात, नातं असो वा नसो. आधी एक्स-रे आणि गरज पडल्यास बेडका तपासून टीबी नाही याची खात्री करायची, मग आठवड्याला एक याप्रमाणे बारा डोस किंवा सहा महिने रोज एक गोळी. दारू जास्त पिणारा किंवा यकृताचा आजार असणारा असेल तर डॉक्टरांचं मत घेऊनच. आठवड्याचा डोस सुट्टीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात समोर घ्यायला लावावा, म्हणजे अंग दुखलं, कसकस वाटली तर विश्रांती मिळते आणि डोस चुकत नाही. पत्र्याच्या खोल्यांमध्ये समोरासमोर दोन खिडक्या आणि जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान २० टक्के उघडी जागा हवी. कामगारांच्या बसच्या काचा उघड्या ठेवाव्यात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो, हे ट्रेनिंग रूम आणि कंट्रोल रूमच्या बाबतीत लक्षात ठेवावं.

आपल्या वर्तमानपत्राकडे एक विनंती. पुढच्या मार्चमध्ये कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं येतील तेव्हा 'इतक्या लोकांची तपासणी झाली' एवढ्यावर बातमी थांबवू नये. त्यातले कंत्राटी किती होते, संशयितांपैकी कितीजणांचा बेडका प्रत्यक्ष तपासला गेला, मागच्या वर्षीच्या रुग्णांपैकी कितीजणांचे उपचार पूर्ण झाले आणि त्यातले कितीजण आज त्याच कंपनीत कामावर आहेत, हे विचारावं. नावं नकोत, चार आकडे पुरेत. इथल्या उद्योग संघटनांनीही हेच चार आकडे आपल्या सभासद कंपन्यांकडून दर सहा महिन्यांनी मागवायला सुरुवात करावी.

आपले विश्वासू,
औद्योगिक आरोग्य आणि सुरक्षा क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
बडोदा